कीटण

मांदेलीच्या तोंडाला वास यायला लागला
तेव्हा बाबा म्हणाले, मासे खाते, मग काय गुलाबाचा येणार?
चेंदणी कोळीवाड्यात वासाला कोण विचारतं.
पण ती बशीपुढे बसायची, एकाच बाजूने चावायची,
मग मान झटकून मागे सरायची,
बशीच तिला काही लागेलसं बोलल्यासारखी.

पाचपाखाडीत, फॉल-बिडिंगच्या दुकानावरच्या माळ्यावर
डॉक्टर मुकादमांनी अंगठ्याने तिचा ओठ वर केला.
हिरडीच्या काठाला लाल रेघ,
दाढेवर पिवळट थर,
बोअरिंगच्या नळाला क्षार धरतात तसा.
"कीटण," डॉक्टर म्हणाल्या.
"भूल द्यावी लागेल. आधी रक्त तपासू.
जागेपणी खरवडून देतो असं कुणी म्हणालं, तर नेऊ नका."
नऊ हजार दोनशे.
जिना उतरताना बाबा तो आकडा दोनदा पुटपुटले.
त्यांचे स्वतःचे मशेरीने घासून घासून गेले,
शेवटचे चार त्यांनीच हलवून हलवून काढले,
फुकट.
कवळीला नको म्हणाले. हिरड्या टणक आहेत म्हणाले.

त्या दिवशी मात्र बास्केट त्यांनीच उचलली.
दाराआडून मशीनचा बारीक आवाज येत होता
आणि एकतीस वर्षं वागळे इस्टेटमध्ये लेथवर उभा राहिलेला माणूस
मान तिरकी करून ऐकत होता.
"हात हलका आहे बाईचा," म्हणाले,
"जॉब खराब नाही करणार."

तीन दाढा गेल्या.
कागदाच्या पुडीत बांधून दिल्या आम्हाला,
तुरीच्या दाण्याएवढ्या, खाली दोन-दोन मुळं.
माझा पहिला दात बाबांनीच उंदराच्या बिळाशी टाकला होता,
बदल्यात त्याचा मिळावा म्हणून.
मी म्हटलं, आता मांजराची दाढ घेऊन
उंदराकडे कुठल्या तोंडाने जायचं?
बाबा हसले, तोंडावर हात ठेवून.
हल्ली तसेच हसतात.

गल्लीत बातमी गेली,
नाखव्यांची पोर मांजराचे दात घासते.
घासते. रात्री साडेनऊला, भांडी झाल्यावर.
बोटावर चढवायचा रबरी ब्रश, कोंबडीच्या चवीची पेस्ट;
माणसांची चालत नाही,
तिला कुठे चूळ भरता येते.
पहिला आठवडा नुसतं बोट चाटू दिलं.
मग ओठ उचलला, सोडला.
मग एक सुळा. फक्त एक.
मनगटावर ओरखडे आहेत, हवं तर तारखा सांगते.

बाबा तिला टॉवेलात गुंडाळून धरतात,
कान आणि राग तेवढा बाहेर.
पेनाएवढी बॅटरी माझ्या दातांत,
माझं बोट तिच्या.
तिने मनात आणलं तर एका क्षणाचं काम आहे.
रोज ती मनात आणते, मला बोटाला कळतं,
आणि रोज सोडून देते.

नंतर तिला मऊ भातात कुस्करलेला बोंबील.
बाबाही हल्ली तसंच मागतात,
तिखट नको, मीठ कमी.
मला वाटलं, तिला सोबत.

काल घासून झालं. मांदेली सुटली ती फ्रिजवर,
आमच्याकडे पाठ करून.
मी बॅटरी पुसत होते.
बाबा उठले नाहीत,
टॉवेल तसाच मांडीवर, तिच्या आकाराचा.
"ठेवू नको अजून," म्हणाले.
आणि ज्याने आजवर कुठल्या डॉक्टरला जीभसुद्धा दाखवली नाही
त्या माणसाने ट्यूबलाइटकडे मान वर केली,
तर्जनीने गाल बाहेर ओढला.
"इथे. आतल्या बाजूला. दोन महिने झाले.
बघ जरा."

मी बॅटरी लावली.
आता माझा हात हलका राहायला हवा होता.